मिथेनॉलावर जगणारे सूक्ष्मजंतु व त्यांचे लोह-ताम्रयुक्त वाहक

पावसाळ्यांत भाताच्या कोपऱ्यांत पाणी तुंबून कांहीं दिवस झाले, म्हणजे चिखलांत पाय घालतांच बुडबुडे वर येतात, हा अनुभव आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील प्रत्येक शेतकऱ्यास आहे. या बुडबुड्यांत मिथेन नांवाच्या ज्वालाग्राही वायूचा अंश मोठा असतो. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें १७७६ सालीं मॅज्जोरे सरोवराच्या कांठच्या दलदलींतून हाच वायु गोळा केला व तो पेटतो हें दाखविलें. चिखलांत उत्पन्न होणारा हा सर्वच वायु वातावरणांत जात नाहीं. भाताच्या मुळांशीं आणि चिखलाच्या अगदीं वरच्या पातळ थरांत असे सूक्ष्मजंतु असतात कीं, जे या वायूस वाटेंतच गांठून त्यावर आपला निर्वाह करतात. हे जंतु प्रथम मिथेनाचा मिथेनॉल करतात व मग तो मिथेनॉल जाळून त्यांतील शक्ति काढून घेतात. हें जाळण्याचें काम ज्या प्रथिनांच्या साखळीनें होतें, त्या साखळीचा परिचय वाचकांस करून द्यावा, हा या लेखाचा हेतु आहे.

विषय रसायनशास्त्राचा असला तरी तो शेतकऱ्याच्या कामाबाहेरचा नाहीं. शेतांत पाणी किती दिवस तुंबूं द्यावें, कच्चा पाला चिखलांत गाडावा कीं कुजवून मग घालावा, बाटलींतून मिळणारें जंतुखत केव्हां फवारावें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें ही साखळी समजल्यावर पुष्कळ सोपीं होतात.

मिथेनॉल कोठून येतो ?

मिथेनॉल म्हणजे लाकडाचा मद्यार्क. पूर्वीं लाकूड बंद भांड्यांत तापवून तो काढीत, म्हणून त्यास हें नांव पडलें. त्याच्या एका रेणूंत कर्बाचा एकच अणु असतो. निसर्गांत तो मुख्यतः दोन वाटांनीं उत्पन्न होतो.

पहिली वाट वर सांगितलेली, म्हणजे मिथेनापासून. मिथेन खाणाऱ्या जंतूंजवळ एक तांबें असलेलें पाचक द्रव्य असतें. तें प्राणवायूच्या साहाय्यानें मिथेनाचें रूपांतर मिथेनॉलांत करतें. या जातींतील कित्येक जंतूंजवळ लोह असलेलें दुसरें तसलेंच द्रव्य असतें, व तांबें फार कमी पडलें म्हणजे ते त्याचा उपयोग करतात.

दुसरी वाट झाडाच्या पानांतून. पेरूची जेली ज्यामुळें गोठते, तो पेक्टिन नांवाचा पदार्थ प्रत्येक वनस्पतीच्या पेशींच्या भिंतींत असतो. कोवळें पान वाढत असतां या पेक्टिनांतील कांहीं भाग सुटून मिथेनॉल मोकळा होतो व तो पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून बाहेर पडतो. म्हणून जून पानापेक्षां कोवळ्या पानांतून तो अधिक येतो. पानाच्या पृष्ठभागावर राहणारे मिथिलोबॅक्टेरियम नांवाचे गुलाबी जंतु हा मिथेनॉल खाऊन वाढतात. भात, आंबा, काजू, माड, कोणतेंहि झाड घेतलें तरी त्याच्या पानांवर यांची वस्ती सांपडते. कृषि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत हें पाहण्याची एक सोपी रीत आहे. मिथेनॉल घातलेल्या क्षारयुक्त आगाराच्या थाळींत पान हलकेंच दाबून काढून घ्यावें व थाळी झांकून ठेवावी. कांहीं दिवसांनीं पानाच्या ठशावर गुलाबी ठिपके उमटतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे या जंतूंची एकेक वसाहत होय.

मालवणचे आघारकर आणि पुण्याचें कार्य

या अभ्यासाचा आपल्या मालवणाशीं एक संबंध आहे, तो येथें सांगणें अवश्य वाटतें. प्रोफेसर शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजीं मालवण येथें झाला. सह्याद्रींतील वनस्पति व प्राणी यांचा त्यांनीं पुष्कळ शोध केला आणि पुढें कलकत्ता विश्वविद्यालयांत ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४६ सालीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. १९९२ सालीं संस्थेच्या संशोधनमंदिरास त्यांचें नांव देण्यांत आलें व तें आघारकर संशोधन संस्था या नांवानें प्रसिद्ध झालें.

याच संस्थेंत डॉ. मोनाली रहाळकर व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम महाराष्ट्रांतील भातशेतींच्या चिखलांतून मिथेन खाणारे जंतु वेगळे काढून प्रयोगशाळेंत वाढविले. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. हे जंतु सावकाश वाढतात आणि त्यांच्या भोवतालीं इतर जंतूंची गर्दी असते. या मंडळींनीं २०१८ सालीं एका अगदीं नव्या जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच्या पेशी जंतूंच्या मानानें बऱ्याच मोठ्या, काकडीच्या आकाराच्या व रंगानें फिक्या गुलाबी असल्यामुळें त्यास मिथिलोक्युक्युमिस ओरायझी असें नांव मिळालें. त्याचा अर्थ सुबोध मराठींत 'भातांतील मिथेनभक्षक काकडी' असा होईल. मालवणच्या एका पुत्रानें ज्या संस्थेचा पाया घातला, तींतच आपल्या भाताच्या मुळांशीं चाललेल्या व्यवहाराचा उलगडा व्हावा, ही गोष्ट आपणांस अभिमानाची आहे.

इलेक्ट्रॉनांचा उतार

आतां मुख्य विषयाकडे वळूं. लाकूड जळतें, तेव्हां लाकडांतील द्रव्याचे इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युत्कण, प्राणवायूकडे जातात. या जाण्यांत शक्ति मोकळी होते व ती उष्णता आणि उजेड यांच्या रूपानें आपणांस दिसते. जंतूला ही शक्ति एकदम मिळून उपयोग नाहीं, कारण नुसत्या उष्णतेवर त्याचें पोट भरत नाहीं. म्हणून तोच व्यवहार तो पायरी-पायरीनें करतो.

डोंगरउताराच्या शेतींत सर्वांत वरच्या कोपऱ्यांतील पाणी मेरेच्या तोंडांतून दुसऱ्या कोपऱ्यांत पडतें, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, आणि अखेर व्हाळाला मिळतें. प्रत्येक पडणीच्या जागीं एकेक लहान चाक बसविलें, तर त्या पाण्याकडून काम करून घेतां येईल. जंतूच्या शरीरांत नेमकें हेंच होतें. तेथील कोपरे म्हणजे निरनिराळीं प्रथिनें, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन, व व्हाळ म्हणजे प्राणवायु. इलेक्ट्रॉन उतरत असतां जी शक्ति मिळते, तिनें जंतु हायड्रोजनचे धनभारित कण आपल्या आवरणाबाहेर ढकलतो. ते कण परत आंत येतांना एटीपी नांवाचें शक्तिसंचयाचें द्रव्य तयार होतें, आणि त्या द्रव्यावर जंतूचें सर्व जीवन चालतें.

या उपमेंतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक अशी कीं, पाणी वरून खालींच जातें. वाहकांचा क्रम ठरलेला आहे. दुसरी अशी कीं, शेवटचें तोंड बुजलें तर वरचे सर्व कोपरे तुंबतात. प्राणवायु संपला म्हणजे ही सर्व साखळी भरून जागच्या जागीं थांबते.

पहिली पायरी : मिथेनॉल डीहायड्रोजिनेज

मिथेनॉलापासून इलेक्ट्रॉन काढून घेणारें प्रथिन इंग्लंडांत अँथनी व झॅटमन या दोघांनीं १९६४ सालीं शोधून काढलें. त्यास मिथेनॉल डीहायड्रोजिनेज म्हणतात. जंतूच्या दोन आवरणांच्या मधील पोकळींत तें असतें. तें मिथेनॉलाचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतें व त्याचा फॉर्माल्डिहाइड करतें. या फॉर्माल्डिहाइडाचा कांहीं भाग जंतु आपलें शरीर बांधण्यास वापरतो व कांहीं भाग आणखी जाळून त्याचा शेवटीं कार्बन डायऑक्साइड करतो.

हे दोन इलेक्ट्रॉन प्रथम जेथें उतरतात, तें स्थान मात्र प्रथिनाचें नसून त्यांत बसविलेल्या एका लहानशा सेंद्रिय द्रव्याचें आहे. त्याचें लांबलचक नांव पायरोलोक्विनोलिन क्विनोन, संक्षेपानें पीक्यूक्यू. त्याची रचना १९७९ सालीं उघड झाली. त्याच्या शेजारीं कॅल्शियमचा, म्हणजे चुन्यांतील धातूचा, एक अणु असतो. तो नसेल तर हें प्रथिन मिथेनॉलास हात लावीत नाहीं.

बराच काळ असें समजत असत कीं, या कामीं कॅल्शियमशिवाय दुसरा धातु चालत नाहीं. परंतु २०११ व २०१२ सालीं जपानांत झालेल्या कामावरून दिसून आलें कीं, या जंतूंजवळ तसलेंच दुसरें एक प्रथिन असतें व त्यास लँथेनम किंवा सेरियम यांसारखे धातु लागतात. २०१४ सालीं तर इटलींत नेपल्सजवळील ज्वालामुखीच्या कढत व आम्ल चिखलांतून काढलेला एक जंतु असा आढळला कीं, या धातूंवांचून तो वाढूंच शकत नाहीं. यांस 'दुर्मिळ मृत्तिका' म्हणण्याची चाल आहे. तथापि सेरियम हा भूपृष्ठांत जवळजवळ तांब्याइतकाच विपुल आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूंत तो पुष्कळ सांपडतो, व साध्या जमिनींतहि तो अल्पांशानें असतोच. म्हणून शेतकऱ्यानें हे धातु विकत आणून शेतांत घालण्याचें कारण नाहीं. जंतूला लागणारा अंश जमिनींतून मिळतो.

दुसरी व तिसरी पायरी : लोहयुक्त सायटोक्रोमें

पहिल्या प्रथिनाजवळ दोन इलेक्ट्रॉन आहेत. पण पुढचा वाहक एका वेळीं एकच उचलतो. हा वाहक म्हणजे सायटोक्रोम सी-एल. सायटोक्रोम हें नांव केंब्रिज येथील केलिन या शास्त्रज्ञानें १९२५ सालीं रूढ केलें; त्याचा अर्थ 'पेशींतील रंग'. हीं प्रथिनें तांबूस असतात, कारण त्यांत हीम नांवाचें लोहयुक्त द्रव्य असतें. आपल्या रक्ताचा तांबडा रंग ज्या वर्गांतील द्रव्यामुळें आहे व चवळीच्या मुळांवरील गांठी फोडल्यास आंत जो गुलाबी रंग दिसतो, तोहि ज्यामुळें आहे, त्याच वर्गांतील हें द्रव्य. रक्तांतील लोह प्राणवायु वाहून नेतें. सायटोक्रोमांतील लोह इलेक्ट्रॉन वाहून नेतें, एवढाच भेद. इलेक्ट्रॉन घेतला म्हणजे त्या लोहाचा धनभार तिनांवरून दोनांवर येतो. पुढें दिला म्हणजे पुन्हां तीन होतो. लोह खर्च होत नाहीं. घागर भरते, रिकामी होते व पुन्हां भरावयास येते, तसा हा प्रकार आहे.

सी-एल हा वाहक आपला इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी-एच या दुसऱ्या, लहान वाहकास देतो. सी-एच तो आवरणांतील ऑक्सिडेज या मोठ्या प्रथिनाकडे पोंचवितो. ऑक्सिडेजांत लोह व तांबें हे दोन्ही धातु असतात, आणि तेंच अखेर इलेक्ट्रॉन प्राणवायूस देऊन त्याचें पाणी करतें.

एकाऐवजीं दोन सायटोक्रोमें कशास, अशी शंका वाचकांस येईल. उत्तर असें कीं, प्रत्येकाचें तोंड वेगळ्या जागीं बसतें. सी-एलवर ऋणभार अधिक असल्यामुळें तें मिथेनॉल डीहायड्रोजिनेजाच्या धनभारित भागाशीं क्षणभर नेमकें चिकटतें, इलेक्ट्रॉन घेतें आणि सुटतें. कुलूप व किल्ली यांच्याप्रमाणें हा मेळ आहे. ज्या जंतूंत जन्मतः सी-एल नाहींसें झालें आहे, ते इतर अन्नावर चांगले वाढतात, परंतु मिथेनॉल समोर असूनहि उपाशी राहतात. एवढ्या लहान वाहकावर एका सबंध जीवाचें पोट अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबाची आहे. मिथेनॉलाचे इलेक्ट्रॉन या उतारावर अगदीं वरच्या कोपऱ्यांत पडत नाहींत. ते मध्यावर, सायटोक्रोमांच्या पायरीवर, येऊन मिळतात. त्यामुळें वरच्या चाकांचा लाभ त्यांच्यापासून मिळत नाहीं. शिवाय मिथेन खाणाऱ्या जंतूला मिथेनाचा मिथेनॉल करण्यासाठींच दोन इलेक्ट्रॉन आधीं खर्च करावे लागतात. बियाणें पेरल्यावांचून पीक येत नाहीं, तसेंच हें. या कारणानें हे जंतु सावकाश वाढतात.

मासळीचें खत व निळा वाहक

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावर माडाच्या आळ्यांत मासळीचें खत घालण्याची वहिवाट जुनी आहे. मासळीचा जो उग्र वास येतो, तो मुख्यतः ट्रायमिथिलअमीन नांवाच्या द्रव्याचा. जमिनींतील जंतु त्याचा एकेक भाग तोडीत तोडीत अखेर मिथिलअमीन करतात. मिथेनॉल खाणाऱ्यांपैकीं बऱ्याच जंतूंना हें मिथिलअमीनहि चालतें. ते त्याचा फॉर्माल्डिहाइड करतात आणि त्याबरोबर अमोनिया मोकळा होतो. हाच अमोनिया माडास नत्ररूपानें मिळतो. म्हणजे मासळीच्या वासांतील नत्र झाडाच्या मुखीं पडण्यास या जंतूंचें साहाय्य होतें.

या कामीं इलेक्ट्रॉन वाहणारें प्रथिन लोहाचें नसून तांब्याचें असतें. त्याचें नांव अमिसायनिन, व त्याचा रंग निळा. मिथिलअमीनापासून काढलेले इलेक्ट्रॉन तें एकेक करून घेतें व सायटोक्रोमास देतें. पॅराकॉकस डीनायट्रिफिकन्स नांवाच्या मातींतील जंतूचीं हीं तिन्ही प्रथिनें एकमेकांस चिकटलेल्या स्थितींत स्फटिकरूपानें मिळविण्यांत आलीं, व १९९४ सालीं त्यांची एकत्र रचना प्रसिद्ध झाली. तांबें व लोह एकमेकांपासून किती अंतरावर आहेत आणि इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेनें उडी घेत असावा, हें त्यावरून प्रथमच समोर मांडतां आलें.

या पॅराकॉकसाचा दुसरा एक गुण शेतकऱ्यास जाणून घेण्याजोगा आहे. प्राणवायु संपला तर तो आपले इलेक्ट्रॉन नायट्रेटास देतो. तसें झालें म्हणजे खतांतील नत्र वायुरूप होऊन उडून जातें. व्हाळाचें तोंड बुजल्यावर पाणी दुसऱ्याच वाटेनें फुटावें, आणि त्या वाटेवर आपलेंच खत वाहून जावें, असा हा प्रकार.

मनुष्यास मिथेनॉल विष कां ?

जंतूचें जें अन्न, तेंच मनुष्यास प्राणघातक आहे, आणि त्याचें कारणहि याच साखळींत सांपडतें. आपल्या यकृतांत मिथेनॉलाचा प्रथम फॉर्माल्डिहाइड व मग फॉर्मिक आम्ल होतें. जंतु हें आम्ल झटपट जाळून टाकतो. आपणांस तें तितक्या वेगानें साधत नाहीं. साठलेलें आम्ल आपल्या पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजास, म्हणजे अगदीं शेवटच्या तोंडासच, अडवितें. श्वास चालू असूनहि पेशींस प्राणवायूचा उपयोग करतां येत नाहीं. डोळ्यांच्या मज्जातंतूंस याचा आघात आधीं पोंचतो व अंधत्व येतें. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालाड भागांतील मालवणी वस्तींत मिथेनॉलमिश्रित दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. प्रयोगासाठीं किंवा इतर कामासाठीं मिथेनॉल जवळ बाळगणाऱ्यांनीं तो कुलपांत ठेवावा आणि बाटलीवर ठळक अक्षरांत 'विष' असें लिहावें.

शेतकऱ्यानें काय करावें ?

पहिली गोष्ट पाण्याची. मिथेन उत्पन्न करणारे जीव प्राणवायु नसेल तेथेंच काम करतात. मिथेन व मिथेनॉल जाळणाऱ्या वर वर्णिलेल्या जंतूंना प्राणवायूच लागतो. म्हणून शेत अधूनमधून सुकूं दिलें, म्हणजे पहिल्यांचें काम थांबतें व दुसऱ्यांचें तोंड उघडतें. पावसाळी भातांत आपल्याकडे पावसाचा जोर इतका असतो कीं, ही गोष्ट सर्वस्वीं आपल्या हातीं नसते. परंतु पाटाच्या पाण्यावर होणाऱ्या वायंगणांत ती सहज साधते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें सांगितलेली रीत अशी : भोकें पाडलेली ३० सेंटिमीटर लांबीची नळी अर्धी जमिनींत पुरावी व तिच्या आंतील माती काढून टाकावी. लावणीनंतर एक-दोन आठवडे गेल्यावर, नळींतील पाणी जमिनीखालीं १५ सेंटिमीटर उतरेपर्यंत नवें पाणी घेऊं नये. मग ५ सेंटिमीटर उभें राहील इतकें घ्यावें. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या आधीं एक आठवडा व नंतर एक आठवडा मात्र पाणी कमी पडूं देऊं नये. यायोगें पाण्याची बचत होते आणि मिथेनहि पुष्कळ घटतो. मिथेन वातावरणाची उष्णता वाढविण्यांत शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडाच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट प्रबळ असल्यामुळें हा लाभ लहान नव्हे.

नत्रखत देण्याची वेळ या रीतींत सांभाळली पाहिजे. सुकलेल्या शेतांत नायट्रेट तयार होतें व पुन्हां पाणी तुंबतांच तें उडून जाऊं लागतें. म्हणून युरिया सुक्या शेतांत बरेच दिवस तसाच पडूं देऊं नये. पाणी घेण्याच्या अगदीं आधीं घालावा, म्हणजे तो पाण्याबरोबर मुळांकडे जातो.

दुसरी गोष्ट पाल्याची. कच्चा पाला किंवा पेंढा तुंबलेल्या चिखलांत गाडला, तर मिथेन करणाऱ्या जीवांना तें आयतें जेवण होतें. तोच पाला आधीं उकिरड्यावर वा खड्ड्यांत चांगला कुजवून मग घातला, तर मिथेन कमी होतो.

तिसरी गोष्ट मुळांच्या रंगाची. भाताचें एक रोप उपटून मुळें धुवून पाहावीं. मुळांवर तांबूस-तपकिरी लेप असेल, तर रोपाच्या पोकळ उतींतून प्राणवायु मुळांपर्यंत पोंचत आहे व त्यानें मातींतील लोहावर गंज चढविला आहे, असें समजावें. तेथें आपले मिथेनभक्षकहि काम करीत असतात. मुळें काळीं पडून कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर शेवटचें तोंड बुजलें आहे, पाणी काढलेंच पाहिजे. आपल्या जांभ्याच्या मातींत लोह विपुल असल्यामुळें हा लेप लौकर दिसतो. खाजणांतील खाऱ्या जमिनींत समुद्राच्या पाण्यांतील सल्फेटामुळें मिथेन एकंदरींत कमी होतो, परंतु काळ्या मुळांचा धोका अधिक असतो. म्हणून तेथें ही परीक्षा विशेष करावी.

चौथी गोष्ट बाटलींतील जंतूंची. मिथिलोबॅक्टेरियमाचें फवारणीचें जंतुखत आतां बाजारांत मिळतें. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषि विद्यापीठानें अवर्षणाचा ताण सोसण्यासाठीं पानांवर शेंकडा १ या प्रमाणांत त्याची फवारणी सुचविली आहे. हे जीव आहेत, औषध नव्हे, हें घेणारानें विसरूं नये. ते कीटकनाशकांत किंवा बुरशीनाशकांत मिसळूं नयेत. सकाळीं किंवा संध्याकाळीं फवारावे. सुपारीवर कोळेरोगासाठीं मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण मारलें असेल, तर त्या पानांवर लगेच हे जंतु सोडणें म्हणजे पैसा मातींत घालणें होय. तांबें त्यांना लागतें खरें, पण अगदीं कणभर. मिश्रणांतील तांबें त्यांस मारूनच टाकतें.

पांचवी गोष्ट एका मोहाविषयीं. १९९२ सालीं अमेरिकेंत नोनोमुरा व बेन्सन यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, पिकावर पातळ मिथेनॉल फवारला तर उत्पन्न वाढतें. नांवाजलेल्या शास्त्रज्ञाचें मत म्हणून पुष्कळांनीं तो प्रयोग केला. परंतु निरनिराळ्या ठिकाणच्या पुढील चांचण्यांत तसा लाभ सातत्यानें दिसला नाहीं. पानावरच्या जंतूंना लागणारा मिथेनॉल पान स्वतःच पुरवितें. हें विष विकत घेऊन फवारण्यांत लाभ थोडा व धोका मोठा आहे.

सारांश

मिथेनॉल, पीक्यूक्यू, सायटोक्रोम सी-एल, सायटोक्रोम सी-एच, ऑक्सिडेज व प्राणवायु, असा हा उतार आहे. मिथिलअमीनासाठीं मध्यें निळें अमिसायनिन. प्रत्येक वाहकांत कणभर धातु आहे, व त्या कणावर सर्व व्यवहार चालला आहे. हे कण शेतकऱ्यास डोळ्यांनीं दिसत नाहींत आणि विकत आणून घालावेहि लागत नाहींत. त्याच्या हातीं आहे तें शेवटचें तोंड, म्हणजे जमिनींत खेळणारी हवा. तें योग्य वेळीं उघडें ठेवणें व कच्चें द्रव्य बेताबेतानें देणें, एवढें त्यानें केलें, तर चिखलांतील व पानांवरील हे अदृश्य मजूर आपलें काम विनामूल्य करीत राहतील. येत्या वायंगणांत ज्यांच्या शेतास पाटाचें पाणी आहे, त्यांनीं निदान एका कोपऱ्यांत वरील नळीची रीत करून पाहावी, शेजारच्या कोपऱ्यांत नेहमींप्रमाणें पाणी ठेवावें, आणि दोहोंतील मुळांचा रंग, पाण्याच्या पाळ्या व उत्पन्न हीं वहींत टिपून ठेवावीं. दोन कोपऱ्यांतील हा फरक स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावर पुढील हंगामीं काय करावें, हें दुसऱ्यास विचारण्याची गरज उरणार नाहीं.